ऑफिसातलं नेट रखडतंय? आधी बघा, आत अडतंय की बाहेर

छोट्या ऑफिसात "नेट स्लो आहे" या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी येतात. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेजर उघडायला वेळ लागतो, शेअर्ड फोल्डरमधली एक्सेलची फाइल सेव्ह करताना गोल फिरत बसतो, स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये पोचत नाही, हे ऑफिसच्या आतलं दुखणं. पोर्टल उघडत नाही, मेलला अटॅचमेंट चढत नाही, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, हे बाहेरचं. बहुतेक ठिकाणी पहिल्या दुखण्याला दुसऱ्याचं औषध दिलं जातं. १०० एमबीपीएसचा प्लॅन काढून ३०० चा घेतात आणि टॅली होती तिथेच राहते. राहणारच, कारण टॅलीचा डेटा शेजारच्या टेबलावरच्या मशीनमधून येतो. तो इंटरनेटच्या वाटेला जातच नाही.

इथे नेहमीचं ऑफिस डोळ्यांसमोर धरलं आहे. टॅक्स कन्सल्टंटचं किंवा व्यापाऱ्याचं, दहा-बारा कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा (त्यालाच सगळे "सर्व्हर" म्हणतात), दोन प्रिंटर, फायबरचं कनेक्शन, थोडे कॅमेरे आणि माणसं वाढत गेली तसे टेबलाखाली वाढत गेलेले दोन-तीन स्विच (एका नेटवर्क केबलच्या अनेक वाटा करणारे डबे). काहीही विकत घेण्याआधी तास-दीड तास मोजणीला द्या.

पहिली तपासणी फुकटातली

सगळे कामात असताना, त्यांना सांगून, राउटरकडून स्विचकडे येणारी केबल दोन मिनिटं काढा आणि टॅली वापरून बघा. तितकीच रखडत असेल तर इंटरनेट निर्दोष आहे, त्याचा नाद सोडा. केबल काढल्यावर टॅली एकदम पळायला लागली, तर राउटरच्या बाजूने काहीतरी नको ते ट्रॅफिक आत येतंय, बहुतेक कॅमेरे किंवा केबलचा लूप. त्याबद्दल पुढे आहे. आणि केबल काढताच काही जणांची टॅलीच बंद पडली, तर तोही शोधच म्हणायचा. याचा अर्थ काही मशीन, किंवा खुद्द सर्व्हर, राउटरच्या पोर्टवर लटकलेला आहे आणि निम्मं ऑफिस एका केबलमधून त्याच्याकडे जातंय.

मग एका मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्याला) सतत पिंग लावा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. केबलवरच्या मशीनला उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि ते तसंच राहायला हवं. मध्येच ४०, मध्येच २००, मध्येच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं दिसलं तर वायर, जॅक किंवा स्विच यांतलं काहीतरी आजारी आहे. वाय-फायवर दोन ते दहा मिलिसेकंद चालतात, अधूनमधून शंभराच्या वर उडीही दिसते. ती उडी ब्राउझरला जाणवत नाही, टॅलीला जाणवते. टॅली एक मोठी फाइल एका दमात ओढत नाही, डेटाच्या फाइलींतून बारीक-बारीक तुकडे शेकडो वेळा मागते आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघते. दर फेरीला पाच मिलिसेकंद जास्त लागले, तरी हजार फेऱ्यांचे पाच सेकंद होतात. म्हणूनच जाडजूड एमबीपीएसपेक्षा इथे हे मिलिसेकंद महत्त्वाचे.

कॉपी करून बघा, आकडा स्वतःच बोलतो

एक ते दोन जीबीची एकच फाइल, एखादा व्हिडिओ चालेल, सर्व्हरवरून आपल्या मशीनवर कॉपी करा. हजार छोट्या फाइलींचा फोल्डर घेऊ नका. त्यात प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो आणि चांगलं नेटवर्कही रडकं दिसतं. असा फोल्डर रोज हलवायचा असेल तर आधी झिप करून हलवा, फरक लगेच कळेल.

कॉपीच्या खिडकीत "मोअर डिटेल्स" दाबलं की वेग दिसतो. तो ११ एमबीच्या आसपास एका रेषेत अडकला असेल तर ती वाट १०० एमबीपीएसची आहे. शंभर मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, त्यातून वरखर्च वजा जाता ११ उरतात. १०० ते ११२ एमबी मिळाले तर गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) नीट चाललंय, केबलला हात लावू नका. ३० ते ७० च्या दरम्यान वरखाली होत असेल तर संशय नेटवर्कवर कमी आणि हार्ड डिस्कवर जास्त घ्या. दोन-तीन एमबी मिळत असतील तर एकतर ते मशीन वाय-फायवर आहे आणि कुणाच्या लक्षात नाही, किंवा जोडणीत चुका होऊन डेटा पुनःपुन्हा पाठवला जातोय.

डिस्क बाजूला ठेवून फक्त वायर मोजायची असेल तर आयपर्फ नावाचं फुकट साधन आहे. सर्व्हरवर ऐकणाऱ्या बाजूने आणि दुसऱ्या मशीनवर पाठवणाऱ्या बाजूने चालवलं की दहा सेकंदांत आकडा येतो. गिगाबिटला ९४० एमबीपीएसच्या आसपास, १०० च्या लिंकला ९४. डिस्कचा यात संबंध नसल्यामुळे वाद मिटतो.

हीच कॉपी सगळ्या मशीनवर करा आणि कागदावर मांडा. बारापैकी नऊ ठिकाणी १०५ आणि तीन ठिकाणी ११ आलं, की कुठे बसायचं ते ठरलं.

११ एमबीवर अडकलेलं मशीन

कंट्रोल पॅनलमधून नेटवर्क अडॅप्टर उघडला की "स्पीड" समोर लिहिलेलं असतं, १ जीबीपीएस किंवा १०० एमबीपीएस. १०० दिसत असेल तर तीन शक्यता आहेत: स्विचच जुना आहे, मशीनचं लॅन कार्ड जुनं आहे, किंवा दोन्ही गिगाबिट आहेत आणि मधली केबल गोंधळ घालतेय. शेवटची शक्यता सगळ्यांत जास्त भेटते, आणि सगळ्यांत कमी तपासली जाते.

कारण सोपं आहे. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक जरी तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तरी लिंक तुटत नाही, मुकाट १०० वर येते. दिवा लागतो, नेट चालतं, कुणाची तक्रार नाही. वर्षानुवर्षं ते टेबल दहापट हळू चालतं.

आधी त्या मशीनची भिंतीपासूनची छोटी पॅच कॉर्ड बदला. खुर्चीच्या चाकाखाली सापडलेली, कपाटामागे दुमडलेली किंवा क्लिप तुटून सैल झालेली कॉर्ड हा नेहमीचा गुन्हेगार. ही कॉर्ड घरी क्रिंप करू नका (टोकांना हाताने जॅक दाबून बसवू नका), एक-दोन मीटरची कारखान्यातून मोल्ड होऊन आलेलीच घ्या. त्याने फरक पडला नाही तर जॅक कापून नवा बसवायचा.

जॅक बसवताना वरचं आवरण अडीच-तीन सेंटिमीटर सोला. ब्लेड आतल्या तारांना लागलं असेल तर तेवढं कापून पुन्हा सोला, ती तार आज ना उद्या तिथेच तुटते. तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम, त्याला टी५६८बी म्हणतात, असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची क्लिप खाली आणि तारा घालायचं तोंड आपल्याकडे धरलं की एक नंबर डावीकडे येतो. तारा सरळ करून एका ओळीत चिमटीत धरा, टोकं एकदम सारखी कापा आणि जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडणार नाही एवढ्याच ठेवा. आत ढकलल्यावर दोन गोष्टी बघायच्या. समोरच्या पारदर्शक टोकातून आठही तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत, दाबणाऱ्या पट्टीखाली गेलेलं असलं पाहिजे. आवरण बाहेर राहून नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर तो जॅक ओढाताणीत सहा महिनेही टिकत नाही. कॅट ६ या प्रतीच्या केबलची तार जाड असते, तिला कॅट ५ई चा जॅक वापरला तर तारा आत नीट सरकत नाहीत, तेही बघून घ्या.

आता एक लबाड चूक. लाइट फिटिंगवाल्याकडून केबल ओढून घेतली की तो कधी कधी "दोन्हीकडे रंग सारखे आले म्हणजे झालं" या हिशोबाने जोड्या ओळीने लावतो: नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची. दिव्यांचा दोन-तीनशे रुपयांचा टेस्टर लावला की एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागतात आणि सगळे खूश. पण ३ आणि ६ नंबरवर एकाच पिळातली जोडी हवी असते, आणि इथे तिथे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा आलेल्या असतात. जोडीचा पीळ बाहेरचा गोंगाट मारण्यासाठीच असतो. तो फुटला की शेजारच्या तारांचा सिग्नल आत घुसतो, पॅकेट (डेटाचे तुकडे) खराब होतात, पुन्हा पाठवली जातात. दोन-तीन मीटरला चालून जातं, पंचवीस मीटरला रडतं. हा दोष स्वस्त टेस्टरला दिसत नाही, डोळ्यांनी रंग वाचूनच पकडायचा.

दोन्ही जॅक नवे करूनही लिंक १०० वरच असेल तर केबलची तार ब्लेडने खरवडा. वर तांबडी आणि आत पांढरट-चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे, बाजारात तिला सीसीए म्हणतात. स्वस्त मिळते, पण रोध जास्त, ठिसूळ, आणि दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते. ३०५ मीटरचा बॉक्स हातात घेतला तरी हलका लागतो. अशी केबल दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, पूर्ण तांब्याची कॅट ६ ओढा. ओढताना विजेच्या वायरच्या पाइपातून नको. समांतर न्यायची तर वीतभर तरी अंतर ठेवा, ओलांडायची तर काटकोनात. मर्यादा १०० मीटरची असते, छोट्या ऑफिसात ती भरत नाही, पण दुकान एका मजल्यावर आणि गोदाम पलीकडच्या इमारतीत असेल तर नक्की मोजा. फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर केबल कुरतडतात, आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर जॅकच्या सोनेरी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तो घासून काढण्यापेक्षा जॅक बदला.

लॅन कार्डच्या सेटिंगमध्ये कुणी "स्पीड अँड डुप्लेक्स" हाताने १०० फुल वर ठेवलं असेल तर ते "ऑटो निगोशिएशन" वर आणा. एक बाजू हाताने बांधलेली आणि दुसरी ऑटोवर असेल तर ऑटोची बाजू हाफ डुप्लेक्स धरते, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलते. पिंग व्यवस्थित दिसतो आणि मोठी फाइल मात्र गोगलगाय होते. त्याच यादीत "ग्रीन इथरनेट" आणि "एनर्जी एफिशिएंट इथरनेट" असतात, लिंक मध्येच तुटत असेल तर तेही बंद करून बघा.

स्विचांची साखळी

टेबलाखाली एक आठ पोर्टचा स्विच, त्यातून पुढच्या टेबलाखाली दुसरा, त्यातून केबिनमध्ये तिसरा. मधला एकच जुना १०० चा असला की त्याच्या पलीकडची चार-पाच माणसं मिळून ११ एमबी वाटून घेतात. गिगाबिटचा साधा आठ पोर्टचा स्विच दीड हजारांच्या आसपास मिळतो. सोळा पोर्टचा एक मधोमध ठेवून प्रत्येक टेबलाची केबल थेट त्यावर आणता आली तर सगळ्यांत उत्तम, आणि सर्व्हर नेहमी या मुख्य स्विचवर. फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचे काही पोर्ट १०० चेच असू शकतात. ऑफिसातली मशीन त्यावर लावायची नाहीत, त्यातून स्विचला एकच केबल आणायची आणि तीही गिगाबिटच्या पोर्टमधून.

कॅमेऱ्यांचा हिशोब वेगळा करा. चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण चार एमबीपीएस सतत ओततो. सोळा कॅमेरे म्हणजे ६४ एमबीपीएस, रात्रंदिवस. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि कॅमेरे एकाच वेगळ्या स्विचवर ठेवले तर हे पाणी तिथल्या तिथेच फिरतं. मुख्य स्विचकडे फक्त एनव्हीआरची एक केबल येऊ द्या.

सगळं ऑफिस एकदम ठप्प, स्विचचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकताहेत, असं दिसलं तर लूप. कुणीतरी मोकळी लोंबणारी केबल बघून सद्भावनेने तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलेलं असतं. साध्या स्विचला हे कळत नाही, तो तेच पॅकेट फिरवत राहतो. एकेक केबल काढत जा, ज्या क्षणी दिवे शांत होतील ती केबल दोषी. आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, दोन्ही भिंतीत लावले तरी हेच होतं.

काही जणांचंच नेट येतं-जातं असेल, तर ऑफिसात दुसरा राउटर कुणी आणून लावलाय का ते शोधा. वाय-फाय वाढवायला घरचा जुना राउटर आणतात आणि त्याची लॅनची बाजू स्विचला जोडतात. आता आयपी वाटणारे दोन झाले. ज्याला चुकीच्याकडून मिळाला त्याचं नेट गेलं. त्या राउटरला १९२.१६८.१.२ सारखा मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वाटपात नसलेला पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (आयपी वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवा. मग तो गुपचूप वाय-फायपुरताच काम करतो.

"सर्व्हर" म्हणजे कुणाचं तरी रोजचं मशीन

वायर स्वच्छ निघाली आणि टॅली तरीही अडकते, तर सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडून डिस्क बघा. सगळे कामाला लागल्यावर डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि रिस्पॉन्स टाइम शेकड्यांत मिलिसेकंद असेल, तर फिरणारी हार्ड डिस्क दमली आहे. दहा जण एकाच वेळी दहा कोपऱ्यांतला डेटा मागतात आणि तिची सुई पळापळ करते. साध्या साटा एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर) डेटा हलवणं हा या अख्ख्या लेखातला सगळ्यांत फायदेशीर खर्च. बॅकअप घेतल्याशिवाय आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय हलवू नका.

अँटीव्हायरस टॅलीच्या डेटा फोल्डरमधली प्रत्येक फाइल प्रत्येक वेळी तपासत असेल तर त्या फोल्डरला सूट द्या, सर्व्हरवरही आणि बाकी मशीनवरही. फक्त त्याच फोल्डरला द्या, अख्ख्या डी ड्राइव्हला नको. सर्व्हरचं स्लीप बंद ठेवा. त्याला वाय-फाय आणि केबल दोन्ही लावलेली असेल तर वाय-फाय बंद करा. साध्या विंडोजच्या मशीनला एका वेळी वीसच जोडण्या घेता येतात, आणि विसाच्या हिशोबात शेअर्ड फोल्डर वापरणारी सगळी यंत्रं येतात. त्यापलीकडे ऑफिस गेलं असेल तर नास (नेटवर्कवर फाइली ठेवणारा डबा) किंवा खऱ्या सर्व्हरचा विचार करायची वेळ झाली.

नेटवर्कसारखं दिसणारं पण नेटवर्क नसलेलं एक दुखणं आहे. "धिस पीसी" उघडताना खिडकी अर्धा मिनिट थिजते. तिथे बहुतेक वेळा केव्हाच काढून टाकलेल्या मशीनचा मॅप केलेला ड्राइव्ह किंवा बंद प्रिंटर लटकत असतो आणि विंडोज त्याला हाका मारत बसतं. मेलेले ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा. प्रिंटरला राउटरमधून कायमचा आयपी बांधून द्या आणि त्याच आयपीने पुन्हा जोडा.

वाय-फाय फोनसाठी, टॅलीसाठी केबल

लॅपटॉपवर टॅली चालवणाऱ्याला यूएसबी ३ चं गिगाबिट लॅन अडॅप्टर द्या. त्यावर फक्त "लॅन अडॅप्टर" लिहिलेलं असेल तर तो बहुधा १०० चा निघतो, वाचून घ्या.

बाकीच्या वाय-फायला राउटर लोखंडी कपाटातून बाहेर काढून माणसाच्या डोक्याच्या वर ठेवणं, एवढ्यानेच निम्मं काम होतं. व्यापारी संकुलात २.४ गिगाहर्ट्झवर वीस-पंचवीस शेजारी भांडत असतात. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. गर्दी टाळायला ३ किंवा ४ घेणारा दोन्हीकडची गर्दी ओढवून घेतो, कारण ते चॅनेल १ आणि ६ या दोघांवरही चढतात. ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन लॅपटॉप आणि फोन तिकडे न्या. आतल्या केबिनपर्यंत पोचत नसेल तर रिपीटर नको. तो एकाच रेडिओवर घेतो आणि पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तिथे केबल ओढून ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारा डबा) लावा.

बाहेरची वाट

इंटरनेट मोजायचं ते एका लॅपटॉपला थेट फायबरच्या डब्यातून केबल लावून, बाकी सगळं काढून. सकाळी अकरा, दुपारी चार आणि संध्याकाळी सात, असं तीन दिवस. १०० च्या प्लॅनला डाउनलोडच्या खिडकीत १२ एमबी दिसले तर पैसे पुरेपूर मिळताहेत, ते मेगाबाइट आहेत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटीआर-१ आणि ३बी च्या मुदतीला, पोर्टल रखडत असताना बाकी साइट पळत असतील तर दोष तुमच्याकडे नाही.

वेग पूर्ण आणि तरी कॉल तुटतात, तर अपलोड तुंबलंय. ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग लावा आणि एक मोठी फाइल ड्राइव्हवर चढवा. १० मिलिसेकंदांचे ३०० झाले तर राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाला किती वाट ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. क्लाउड बॅकअप रात्री लावा, वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हला त्यांच्याच सेटिंगमध्ये अपलोडचा लगाम आहे. विंडोज अपडेटमध्ये "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन" आहे, तिथे फक्त ऑफिसातल्या मशीनकडून घेणं चालू ठेवलं की तेच अपडेट बारा वेळा बाहेरून येत नाही. साइट उघडायला दोन-तीन सेकंद थांबते आणि मग धाडकन येते, असं असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकून बघा.

राउटर दिवसातून दोनदा आपोआप चालू-बंद होत असेल तर नवा घेण्याआधी त्याचा अडॅप्टर बदला. तेवढ्याच व्होल्टचा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त. तीन-चार वर्षांनी आतला कपॅसिटर फुगतो आणि भार आला की व्होल्टेज कोसळतं. डबा, राउटर आणि मुख्य स्विच तिन्ही यूपीएसवर असू द्या.

एवढं करून थेट डब्यावरच वेग कमी मिळत असेल तर कनेक्शनवाल्याला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. तारीख, वेळ, केबलवर थेट मोजलेला आकडा आणि डब्यावर लाल दिवा लागला होता का, एवढं सांगा. समोरचा "राउटर बंद करून चालू करा" वर थांबत नाही, माणूस पाठवतो.